ख्रिस्ती श्रद्धा, धंदा आणि शेअर मार्केट: पॅरिश हॉलमधल्या कोर्सचा रिव्ह्यू

कोर्सचं आणि पॅरिशचं, म्हणजे चर्चचं, नाव लिहीत नाहीये, कारण खाली एक तक्रार पण आहे आणि रविवारी मिस्साला तीच माणसं समोर येतात. मालाड ते बोरिवली पट्ट्यात राहणाऱ्यांना कळेलच कुठला ते. चार शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ, फी १,५०० रुपये, नवरा-बायको दोघं आले तर २,५००, त्यात चहा-समोसा. विषय असा की ख्रिस्ती माणसाने पैसा कमवायचा कसा, ठेवायचा कुठे आणि धंदा करायचा तर कसा. शिकवायला तिघं, एक फादर, एक सीए आणि एक प्रोटेस्टंट पाळकसाहेब जे आधी बँकेत ऑफिसर होते. मराठी बॅच निघाली म्हणून गेलो, नाहीतर असले प्रोग्राम सगळे इंग्लिशमध्ये असतात आणि आमच्या घरच्या मोठ्या माणसांनी तिथे बसून नुसती मान डोलवायची.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, घरचा बॉटल मसाल्याचा आणि लग्नाच्या ऑर्डरींचा धंदा मी आणि माझी जाऊ बघतो, नवरा आयटीत आणि त्याला एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम), फंड, पोर्टफोलिओ या गोष्टींचं जाम वेड. म्हणजे मी ऐकत होते धंद्याच्या कानाने आणि तो ऐकत होता मार्केटच्या कानाने. कोर्स संपला तेव्हा मी खूश आणि तो वैतागलेला, आणि मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे. पाचातले साडेतीन स्टार माझे, त्याने दोनच दिलेत.

पहिला शनिवार फादरांचा. बायबलमधल्या मत्तयच्या २५व्या अध्यायातली तलांतांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, मालक गावाला जाताना एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक तलांत देऊन जातो, दोघं व्यापार करून दुप्पट करतात आणि तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. लहानपणापासून प्रवचनात आपण ऐकलं ते असं की देवाने गाण्याची कला दिली असेल तर क्वायरमध्ये या. फादरांनी सरळ खडू घेतला आणि हिशोब मांडला. एक तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आपल्याकडे नाक्यावरच्या बिगाऱ्याचे ७०० रुपये धरा, ४२ लाख झाले. ज्याला सगळ्यात कमी दिलं त्याच्या हातात ४२ लाख होते! हॉलमध्ये एकदम खुसफुस सुरू झाली, मागून कोणीतरी म्हणालं मग मी पण पुरूनच ठेवले असते फादर. फादर पण हसले, म्हणाले भीती सगळ्यांनाच वाटते, पण मालकाला राग त्या भीतीचाच आला, निदान सावकारांकडे ठेवले असतेस तर व्याजासकट मिळाले असते असं तो म्हणतो ना.

आणि इथेच गोराईच्या एका आंटीने त्यांना पकडलं. म्हणाली, फादर, जुन्या करारात तर आपल्या भावाकडून व्याज घेऊ नको असं लिहिलंय, मग इथे मालक व्याज का मागतो, आणि आमची भिशी आहे गावात बारा बायकांची, लिलाव होतो, ज्या बाईला गरज असते ती कमी घेऊन उचलते आणि बाकीच्यांना त्यातलं वाटून मिळतं, ते पाप का?

हा प्रश्न आला नसता तर ते सेशन साधंच झालं असतं. फादरांनी वेळ घेतला आणि नीट सांगितलं, की चर्चने शेकडो वर्षं व्याजाला पापच धरलं होतं, अगदी १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी पत्र काढून पुन्हा तेच सांगितलं, फक्त उधारीवरचं व्याज वेगळं आणि धंद्यात पैसा घालून मिळणारा नफा वेगळा हे त्यात मानलं. पण त्याच्या खूप आधी, १४६२ मध्ये इटलीत पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी तारण ठेवून कर्ज देणारी पेढी काढली होती, सावकाराच्या तावडीतून लोकांना सोडवायला, आणि कारकुनाचा पगार, जागेचं भाडं निघायला थोडं व्याज घ्यायचे. त्यावर साधूंच्यातच भांडणं झाली. शेवटी १५१५ च्या चर्चच्या लॅटरन परिषदेत ते चालेल असं ठरलं. म्हणजे अडलेल्याच्या गळ्याला फास लावून मिळवलेलं व्याज आणि सगळ्यांनी मिळून चालवलेल्या पेढीचा खर्च, या दोन गोष्टी वेगळ्या. आंटीला म्हणाले, तुमच्या भिशीत जी बाई दर वेळी सगळ्यात कमी बोलीत उचलते ती कोण आहे, तिच्या घरी काय चाललंय ते बघा, उत्तर तिथे आहे. आंटी गप्प. मी पण गप्प, कारण प्रत्येक भिशीत अशी एक बाई असते आणि ती कोण हे सगळ्यांना माहीत असतं.

मग आपल्याकडचं सांगितलं ते तर मला फारच आवडलं. वसईची बॅसीन कॅथलिक बँक १९१८ ची, छोट्या पतपेढीतून उभी राहिली आणि आज मोठी सहकारी बँक आहे. वांद्र्याची सालसेट कॅथलिक हाउसिंग सोसायटी पण त्याच साली, १९१८. आपण लोकलमधून वांद्र्याला शंभर वेळा उतरतो पण हे डोक्यात नसतं, की आपल्याच लोकांनी शंभर वर्षांपूर्वी पैसे जमवून, शेअर काढून घरं आणि पतपेढ्या उभ्या केल्या, कुठल्या परदेशी स्वामीचा व्हिडिओ बघून नाही. फादर आणि श्रीमंती हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला आधी ते टीव्हीवरचे प्रचारक आठवतात, एवढे पाठवा देव दसपट देईल वाले. या कोर्समध्ये तो प्रकार अजिबात नव्हता, याला माझ्याकडून अर्धा स्टार.

दुसरा शनिवार धंद्याच्या इतिहासाचा, पाळकसाहेबांचा. माणूस बोलायला भारी. हॉलचं छप्पर जुनं, मंगलोरी कौलांचं, त्यांनी वर बोट दाखवलं आणि म्हणाले हे मिशनऱ्यांचं प्रॉडक्ट आहे. बासेल मिशन या जर्मन-स्विस मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा पहिला कारखाना काढला, कारण ख्रिस्ती झालेल्या लोकांना गावाने वाळीत टाकलं की त्यांच्या पोटाचं काय हा प्रश्न होता. विणकामाचे कारखाने पण काढले, आणि खाकी रंगाचं कापड पण तिथल्याच मागांवर निघालं असं सांगतात. कोकणात, मुंबईत, जुन्या स्टेशनांवर, चाळींवर जी लाल कौलं दिसतात ती पद्धत तिथून पसरली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शत्रूची मालमत्ता म्हणून ते सगळं ताब्यात घेतलं. मी मान वर करून कौलं बघत होते आणि जाऊ मला म्हणाली, दोन फुटलीयेत बघ, पावसाळ्याआधी बदलायला पाहिजेत. धंदेवाली बाई!

मग जॉन वेस्लीचं सांगितलं, मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते, १८व्या शतकातले. त्यांचं पैशावरचं प्रवचन तीन भागांचं, जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. लोकांना पहिले दोन भाग लक्षात राहतात. आणि कमवा म्हणताना पण त्यांनी अट घातली होती की शेजाऱ्याचं नुकसान करून नाही, दारू गाळणाऱ्यांवर तर ते तुटूनच पडले होते.

कॅडबरीची गोष्ट मात्र पाळकसाहेबांनी अर्धीच सांगितली आणि ते मला खटकलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं कुटुंब, दारूच्या जागी लोकांनी कोको प्यावा म्हणून १८२४ मध्ये बर्मिंगहॅमला दुकान, पुढे कामगारांसाठी बॉर्नव्हिल वसाहत, घराला बाग, खेळायला मैदान, सगळं छान. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं म्हणाले, टाळ्या पडल्या. पण पुढचं कोण सांगणार, की हीच कंपनी आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरचा कोको विकत घेत होती आणि तिथे मजूर जवळजवळ गुलामच होते. कंपनीला ते कळलं, चौकशीला माणसं पाठवली, पण खरेदी थांबली ती थेट १९०९ मध्ये. एका पेपरने ढोंगी म्हटलं म्हणून कंपनी कोर्टात गेली, केस जिंकली, आणि ज्युरीने नुकसानभरपाई किती दिली तर एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. दाखवायला जिंकले, पण ज्युरीला काय वाटलं ते सगळ्या दुनियेला कळलं. नवऱ्याने हे मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले हो, ते पण आहे, वेळ कमी आहे. मला विचाराल तर त्या अख्ख्या तीन तासांत हीच गोष्ट सगळ्यात कामाची होती, कारण आपल्या कारखान्यात बाग असते आणि आपली मिरची कुठून येते ते आपण विचारत नाही. आम्ही लालबागच्या मसाला गल्लीतून माल उचलतो, त्याच्या मागे कोण तोडतं, कोण सुकवतं, मला तरी आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

तिसरा शनिवार गुंतवणुकीचा. नवरा वही घेऊन पहिल्या रांगेत. सीए सर हुशार आहेत यात वाद नाही, पण हे सेशन अमेरिकेचं होतं. तिकडे काय काय आहे ते सगळं सांगितलं, १९७१ मध्ये दोन मेथडिस्ट पाळकांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात पॅक्स वर्ल्ड फंड काढला, कारण मंडळीतले लोक विचारायला लागले की आमचा पैसा बॉम्ब बनवणाऱ्यांकडे जाऊ नये असं काही आहे का. टिमोथी प्लॅन १९९४ चा, तो दारू, तंबाखू, जुगार, गर्भपात, अश्लील धंदे यातलं काही घेत नाही. आवे मरिया फंड २००१ चे, कॅथलिक, ते गर्भपात आणि अश्लीलता बाहेर ठेवतात पण दारूच्या कंपनीला त्यांची चाळणी लागत नाही. यावर हॉलमध्ये हशा, कारण आपल्याकडे लग्नात काय काय लागतं ते सगळ्यांना माहितीये, आणि काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला ते पण. पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. २०१५ पासून एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची यादी) चा कॅथलिक व्हॅल्यूज इंडेक्स पण आहे, अमेरिकन बिशपांच्या नियमांवरून गाळलेला. आणि व्हॅटिकनने २०२२ मध्ये गुंतवणुकीवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढलीये, मेन्सुराम बोनाम, त्याचं नाव मी तर पहिल्यांदाच ऐकलं.

सगळं ठीक. पण आपण मुंबईत बसलोय. भारतात ख्रिस्ती फंड नावाची गोष्ट बाजारात नाही. तिकडचा इंडेक्स फंड घ्यायचा तर एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून डॉलर पाठवायचे, बँकेचे चार्ज, टॅक्सची भानगड, महिन्याला पाच हजारवाल्याने कशाला त्या वाटेला जायचं. नवऱ्याने मग मुद्द्याचा प्रश्न विचारला. निफ्टी ५० चा, म्हणजे आपल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या यादीप्रमाणे चालणारा, इंडेक्स फंड घेतला की त्यात आयटीसी आलीच, सिगारेटचा मोठा धंदा. इंडेक्स फंड नको म्हटलं तरी एलआयसीकडे आयटीसीचा साधारण १५ टक्के हिस्सा आहे, म्हणजे ज्याची ज्याची पॉलिसी आहे तो सगळा त्यात. आणि पीएफ? पीएफ सांभाळणारं ईपीएफओ ऑगस्ट २०१५ पासून नव्या पैशातला काही भाग निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या इंडेक्स फंडात, टाकतं. तो तर पगारातून कापलाच जातो, मला विचारून थोडाच कापतात. मग चाळणी लावायची कुठे?

सीए सरांनी सांगितलं की जेवढं आपल्या हातात आहे तेवढं करायचं. बरोबर आहे, पण एवढ्यावरच थांबले. मागून एक मुलगा म्हणाला टाटा एथिकल फंड चालेल का, तो इस्लामी शरियाच्या नियमांवर चालतो, दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही. एकदम शांतता. सगळ्यांनी फादरांकडे बघितलं. फादर म्हणाले, तंबाखू नको हे मुसलमानाने ठरवलं म्हणून माझ्यासाठी तंबाखू चांगली होत नाही, मला काही अडचण दिसत नाही. पण नवऱ्याचं म्हणणं, आणि हे कोणीतरी स्टेजवरून सांगायला हवं होतं, की त्या फंडात बँका नसतात कारण व्याज, आणि निफ्टीत एक तृतीयांशाच्या आसपास वजन बँका आणि फायनान्सचंच आहे, म्हणजे बँकांचे शेअर पळाले त्या वर्षी हा फंड मागे पडणार आणि बँका आपटल्या त्या वर्षी पुढे. श्रद्धेने गाळणी लावली की पोर्टफोलिओची चाल बदलते, कधी फायदा कधी तोटा, हे माणसाला आधी माहीत पाहिजे, नाहीतर दोन वर्षं कमी रिटर्न दिसले की माणूस श्रद्धा पण विकतो आणि युनिट पण.

बायबलमधल्या उपदेशकाच्या ११व्या अध्यायात सात जणांत, आठ जणांत वाटून ठेव असं आहे, उद्या काय संकट येईल माहीत नाही म्हणून. ते डायव्हर्सिफिकेशनसाठी सांगितलं, आणि नीतिसूत्रांतलं थोडं थोडं जमवणाऱ्याचं धन वाढतं ते एसआयपीसाठी. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. इथपर्यंत छान. पण ऑप्शन ट्रेडिंगवर, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांवर, फक्त एक स्लाइड! शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालंय, सगळ्यांचं मिळून १.८ लाख कोटींच्या वर, आणि आमच्याच कॉलनीत तरुण पोरं दुपारभर मोबाइलवर तेच करत बसलेली असतात. सिगारेटच्या शेअरवर पाऊण तास चर्चा आणि यावर एक स्लाइड, हे मला पटलं नाही. तसंच आपल्याच पॅरिशचा माणूस आहे, नोव्हेनाच्या प्रार्थनेला येतो, म्हणून डोळे झाकून पैसे देणं, यावर तर शब्द नाही. फसवणारा नेहमी ओळखीतूनच येतो, अनोळखी माणसाला आपण पाच लाख देत नाही.

चौथा शनिवार, ज्याच्यासाठी मी सगळ्यांना जा सांगतेय. धंदा आणि देणंघेणं. सुरुवातीलाच प्रत्येकाला एक कोरा कागद दिला, मधे रेघ, डावीकडे आपल्याला कोणाकडून किती यायचेत आणि कधीपासून, उजवीकडे आपण कोणाचे किती द्यायचेत आणि कधीपासून. नावानिशी. लिहा म्हणाले, कोणी बघणार नाही. हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. डावी बाजू सगळ्यांची धडाधड भरली. उजव्या बाजूला लोक पेन चावत बसले. माझ्या शेजारचे काका, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे त्यांचं, त्यांनी उजवीकडे तीन नावं लिहिली, मग कागद घडी करून खिशात टाकला, आणि ब्रेकमध्ये समोसा न खाता बाहेर जाऊन कोणाला तरी फोन करत होते.

मग फादरांनी बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४वा अध्याय काढला, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. आणि याकोबाच्या पत्रातलं, तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय. माझी आजेसासू एक शब्द बायबल न वाचता हेच करायची. एप्रिल-मेमध्ये मसाला कुटायला बायका यायच्या, काश्मिरी, रेशमपट्टी अंगणात वाळत घातलेली, देठ काढून ढीग, दिवसभर मुसळांचा आवाज आणि सगळ्या गल्लीला ठसका, आणि संध्याकाळी बाईने हात धुऊन पदराला पुसायच्या आत तिच्या हातात पैसे. आता कुटायला यंत्र आहे, पण देठ काढायला बायका येतातच आणि तो नियम अजून तोच आहे.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातलं खरं माप, खरा तराजू हे पण झालं. आपल्याकडे मापात पाप म्हणतात त्यापलीकडे काय सांगणार. पण सीए सरांनी ते आजच्या धंद्यावर आणलं, बाटलीवर ७५० ग्रॅम लिहून ७२० भरणं हे तर सरळच आहे, पण केटरिंगमध्ये ३०० प्लेटचे पैसे घेऊन २७० चं सामान टाकणं, कारण सगळे कुठे येतात, हे पण तेच. माझी जाऊ माझ्याकडे बघून हसली, कारण आमचा एक कॉम्पिटिटर नेमका हाच हिशोब करतो.

आणि मग सगळ्यात उपयोगी भाग. आम्ही एका मोठ्या हॉटेलला मसाला देतो, बिल तीन-तीन महिने अडकतं, फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. सीए सरांनी नीट समजावलं की उद्यम हे छोट्या धंद्यांचं सरकारी रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल असून माल बनवता किंवा सेवा देता, तर लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात. नाही दिले तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ४३बी(एच) कलमामुळे उशीर केला तर त्या वर्षी तो खर्च त्यांना दाखवता येत नाही, पैसे देतील त्या वर्षीच. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला मात्र हे लागू नाही, ते पण सांगितलं.

यावर जुंपली. एक जण म्हणाला पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलंय ना की भावाने भावाला कोर्टात खेचू नये, मग गिऱ्हाइकाविरुद्ध पोर्टलवर जायचं का? पाळकसाहेब म्हणाले ते मंडळीतल्या भावांचं आहे, हॉटेलच्या अकाउंट्स डिपार्टमेंटचं नाही. फादरांचं मत जरा वेगळं, आधी माणसाकडे एकट्याने जा, मग दोघांना घेऊन जा, मग पुढे, मत्तयच्या १८व्या अध्यायातली पायरी-पायरीची पद्धत. सीए सर म्हणाले म्हणजे आधी फोन, मग ईमेल सीसी टाकून, मग पोर्टल. लय हसले सगळे. मी तसंच केलं. ईमेलमध्ये ४३बी(एच) एवढंच लिहिलं, मार्च एंड जवळ होता, आणि साहेब मीटिंगमधून बाहेर आले.

दशांशावर थोडक्यात आटपलं. पाळकसाहेबांच्या मते हातात आलेल्यावर दहावा हिस्सा, सीए सर म्हणाले धंद्यात टर्नओव्हरवर दशांश दिलात तर पुढच्या वर्षी धंदाच राहणार नाही, नफ्यावर द्या. दानावर मिळणारी ८०जी ची टॅक्सची सूट नव्या टॅक्स रिजीममध्ये नाही आणि जुन्यात पण २,००० च्या वर कॅश दिली तर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. फोकोलारे या कॅथलिक चळवळवाल्यांचं मात्र मला आवडलं, कियारा लुबिक यांनी १९९१ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोला सुरू केलेली पद्धत, नफ्याचे तीन भाग, एक धंद्यात परत, एक गरिबांना, एक माणसं घडवायला. आम्ही दोघी जावांनी त्यावर घरी जाताना रिक्षात भांडण पण केलं, तिचं म्हणणं तिसरा भाग म्हणजे तिच्या मुलीची कॅटरिंग कॉलेजची फी धरायची.

आता तक्रार. शेवटच्या चहाला एक छान कपड्यातली मुलगी सगळ्यांना फॉर्म वाटत होती, मोफत आर्थिक सल्ला, ख्रिस्ती मूल्यांवर आधारित. नाव, मोबाइल, पगार, मुलं किती. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. नवऱ्याने विचारलं तुम्ही सेबी रजिस्टर्ड ॲडव्हायझर आहात का, तर उत्तर आलं आम्ही एएमएफआय (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) रजिस्टर्ड आहोत. म्हणजे कमिशनवर फंड विकणारे डिस्ट्रिब्युटर. डिस्ट्रिब्युटर असणं गुन्हा नाही, पण मग रेग्युलर प्लॅन विकणार, कमिशन मिळणार, ते तोंडाने सांगा ना. मधे एजंट नसलेले, कमिशन न लागणारे डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत आणि तीन तासांच्या गुंतवणुकीच्या सेशनमध्ये त्याचा उल्लेख एकदाही नाही, हे विसरले असतील असं मला वाटत नाही. नवऱ्याने तिथेच मोबाइलवर काढून दाखवलं, महिना १०,००० ची एसआयपी, २० वर्षं, १२ टक्के धरले तर साधारण ९९.९ लाख, खर्चात एक टक्का जाऊन ११ धरले तर ८७.४ लाख. साडेबारा लाखांचा फरक. सगळीकडे फरक पूर्ण एक टक्का नसतो, कधी अर्धा असतो, पण असतोच. खऱ्या मापावर दीड तास बोलून झाल्यावर हे करायचं म्हणजे कमाल झाली. फादरांना मी जाऊन सांगितलं, त्यांना फॉर्मचं माहीत नव्हतं असं दिसलं, पुढच्या बॅचला बघतो म्हणाले.

बाकी किरकोळ. माइक शेवटपर्यंत खरखरत होता. चहा पाणचट, समोसा गरम. हँडआउट इंग्लिशमध्ये, मराठी बॅचला मराठीत हवे होते, विचारल्यावर छापायला वेळ झाला नाही म्हणाले. पार्किंग नाही, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. पोरांना घेऊन जाऊ नका, कंटाळतात.

स्वतःचा धंदा असेल, छोटा असला तरी, मसाला, टेलरिंग, वर्कशॉप, क्लास, तर चौथ्या शनिवारसाठी १,५०० रुपये वसूल आहेत. नुसती गुंतवणूक शिकायला जात असाल तर फी देऊन सेबी रजिस्टर्ड ॲडव्हायझर गाठा, कुठल्या कंपन्या नकोत त्याची यादी आपली आपण घेऊन जा, तो काही देवाधर्माचं विचारणार नाही पण यादी पाळेल. पुढची बॅच ईस्टरनंतर आहे म्हणे, नाव पॅरिश ऑफिसमध्ये द्यायचं, आणि शेवटच्या दिवशी फॉर्म आलाच तर मोबाइल नंबरची जागा रिकामी सोडा, आम्हाला अजून फोन येतायत.